प्रिंटरला वायफाय करायला गेलो, ४४,९९८ रुपये घालवून बसलो

हसायचं त्यांनी हसा. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. 'ओटीपी कुणाला सांगू नका' असं दिवसातून वीसदा मीच गिऱ्हाइकांना बजावतो. म्हणून जास्त लागलंय.

दाखल्यांचा सीझन. प्रत्येकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर, ती आधी संगणकावर घ्या, मग प्रिंट. प्रिंटर जुना, यूएसबीचा, पण ठणठणीत. मोबाइलवरूनच प्रिंट निघाली तर बरं, म्हणून गुगलवर कंपनीची हेल्पलाइन शोधली आणि सगळ्यात वरचा नंबर लावला. त्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड', म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात, असं होतं, ते नंतर दिसलं. नंबर घ्यायचाच तर खोक्यावरचा घ्या.

पलीकडचा हिंदीत अगदी अदबीने बोलत होता. वायरलेस प्रिंटरमध्ये आहेच, फक्त लायसन्स चालू करायचं. १,४९९ रुपये. यूपीआयने दिले. मग विचारतो, निळा दिवा लागला का? प्रिंटर फिरवून पाहिला. मागे पॉवरची वायर आणि यूएसबीची, पुढे दोन दिवे: एक हिरवा, एक केशरी. निळा नाहीच, म्हटलं. तर म्हणे, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यावर लागेल.

आणि मी 'बरं' म्हणालो! जो दिवा यंत्रात बसवलेलाच नाही तो ड्रायव्हरने लागतो? वायफायचं कार्डच नाही तिथे लायसन्स कशाचं? पण काउंटरवर आठ माणसं उभी, त्यातली एक आजी 'माझा उत्पन्नाचा दाखला रे' म्हणून सारखी टेबल वाजवत होती. डोकं ठिकाणावर कुणाचं राहील?

मग 'पेमेंट अडकलं, रिफंड देतो' म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला लावलं, फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचे आकडे भरायला लावले. २४,९९९ गेले. पाठोपाठ १८,५००. ओटीपी मी सांगितला नाही! मेसेज माझ्या स्क्रीनवर चमकला, त्याने तिकडे बसून वाचला. यूपीआयने गेलेल्या पैशाच्या रिफंडला कार्ड नंबर कुणी मागितला, की फोन ठेवा.

हे बँकेला कोण सांगणार? 'ओटीपी पडलाय म्हणजे व्यवहार तुमचाच.' वर होम ब्रांचला जा. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० चौथ्या वेळी लागला. लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि म्हणे लगेच कळवा. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, सायबरचं काम जिल्ह्याला, तरी अर्ज आणा, तीन प्रती, 'तुम्ही तर शिकलेले दिसता.' १८,५०० कुठल्याशा खात्यात थांबवलेत म्हणे. बाकीच्या पैशांचं नावही कुणी काढत नाही.

भाच्याने रविवारी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं, त्यातलं प्रिंटिंग सांभाळणारं 'कप्स' चालू केलं, प्रिंटर त्याला जोडून वायफायवर शेअर केला. तासाभरात मोबाइलवरून पान निघालं. खर्च शून्य.

परवा त्याच ठाण्यातल्या हवालदारांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, तीन प्रती काढून ठेवा म्हणून. मोबाइलवरूनच काढल्या. पैसे मात्र रोख घेतले.