दोन पॉइंटांमधले २५ सेकंद : टेनिसच्या मानसिक तयारीचा एक वर्ग

माझी मुलगी सोळा वर्षांखालील गटाच्या टेनिस स्पर्धा खेळते. सरावात बिनचूक पडणारी तिची दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावर मिळणारी संधी) सामन्यात ४-४ अशी बरोबरी झाली की जाळ्यात अडकू लागली, तेव्हा तिच्या प्रशिक्षकांनीच पुण्यातील एका क्रीडा मानसशास्त्रज्ञ बाईंचा वर्ग सुचवला. सहा रविवार, प्रत्येकी दीड तास, आठ मुलांची तुकडी आणि शुल्क ६,००० रुपये. वर्ग नुकताच संपला असून, काही उणिवा जमेस धरूनही, तो मला मोलाचा वाटला.

याचे मुख्य कारण असे की ‘आत्मविश्वास ठेव’ यासारख्या मोघम उपदेशात बाईंनी वेळ घालवला नाही. दोन पॉइंटांमध्ये नियमानुसार जे २५ सेकंद मिळतात त्यांचे काय करायचे, यावरच त्यांनी दोन रविवार दिले. जिम लोहर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सांगितलेले चार टप्पे त्यांनी मुलांकडून कोर्टवर शेकडो वेळा घोटून घेतले : पॉइंट संपताच खांदे न पाडता पाठ फिरवणे, रॅकेटच्या तारांवर नजर ठेवून श्वास संथ करणे, पुढची सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरवणे आणि शेवटी ठरलेल्या संख्येनेच चेंडूचे टप्पे घेणे. हरलेल्या पॉइंटचा सल मनात धरून बसणाऱ्या मुलांना त्यांनी फेडररचे उदाहरण दिले. १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकणाऱ्या या खेळाडूने एकूण पॉइंट मात्र ५४ टक्केच जिंकले होते, हे ऐकून माझी मुलगी घरी येईपर्यंत त्याचाच हिशेब करत होती.

कुमार स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत बहुधा पंच नसतात आणि मुले आपापल्या बाजूच्या रेषांचा निर्णय स्वतःच देतात, हे बाईंना पक्के ठाऊक आहे. म्हणून सराव सामन्यात त्या आत पडलेला चेंडू मुद्दाम ‘आउट’ द्यायला लावत आणि पुढचा पॉइंट मूल कसे खेळते ते पाहत. आधीचा सामना लांबला की तासन्‌तास ताटकळावे लागते; त्या वेळात फोन बाजूला ठेवून, आधीच्या सामन्याचा दुसरा सेट सुरू होताच दोरीवरच्या उड्या मारायच्या, ही सवयही इथेच लागली.

डोळे मिटून सामना मनात पाहण्याचा पाचवा वर्ग मात्र बंद खोलीत, खुर्च्यांवर झाला आणि मुले पेंगुळली; तो कोर्टवरच व्हायला हवा होता.

गेल्या महिन्यातील सामना मुलगी २-६, ५-७ असा हरली. पण दुसऱ्या सेटमध्ये ३-४ वर डबल फॉल्ट झाल्यावर, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेल्यावर, ती मागच्या जाळीकडे वळली, टॉवेल घेतला, तारा सारख्या केल्या आणि पुढची दुसरी सर्व्हिस हात न आखडता मारली. मला तेवढे पुरेसे होते.

बाईंना एकच विनंती आहे. पालकांसाठीचा अर्धा तास त्यांनी शेवटच्या रविवारी ठेवला होता, तो पुढच्या तुकडीसाठी पहिल्या रविवारी घ्यावा. कारण सामन्यानंतर गाडीत बसल्याबसल्या मुलांना काय विचारू नये, हे मला पाच आठवडे उशिरा कळले.