लाइटसेबर घ्यायची, पण बेसलिट की पिक्सेल?

१९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातला नायक ल्यूक याच्या लाइटसेबरची, म्हणजे उजेडाचे पाते असलेल्या तलवारीची, मूठ मुळात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा-फ्लॅशची दांडी होती. तिला रबरी पट्ट्या चिकटवल्या आणि पात्याचा रंगीत उजेड नंतर फिल्मवर चढवला. तोच उजेड खराखुरा हातात हवा म्हणून चाहत्यांनी जे प्रयोग केले, त्यांतून आज दोन प्रकार रुळले आहेत: बेसलिट आणि पिक्सेल. बाहेरून मुठी सारख्याच दिसतात. आवाजाचे बोर्डही दोन्हींत बसतात, त्यामुळे निव्वळ घूं-घूं आवाजासाठी पिक्सेलचे जादा पैसे मोजू नयेत. खरा प्रश्न एवढाच, की हे पाते दुसऱ्या पात्यावर आपटणार आहे का?

आपटणार असेल तर बेसलिट. यात मुठीच्या तोंडाशी एकच ताकदवान एलईडी आणि त्यापुढे भिंग असते. पाते म्हणजे १ इंच व्यासाची पोकळ पॉलिकार्बोनेट नळी. आत जिलेटिन कागदासारख्या पारदर्शक फिल्मची गुंडाळी सरकवतात, म्हणजे उजेड वाटेत विखुरतो. टोकाच्या बोंडात आरशासारखी चकती बसवली की वर पोचलेला उजेड परत खाली येतो. नळीत वायर नाही, डाख दिलेला सांधा नाही, मग तुटणार काय? फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये लाइटसेबर द्वंद्वाला अधिकृत मान्यता दिली. तसे जोरकस वार करायचे तर नळीची जाडी ३ मिमी घ्या, नुसती परजायची असेल तर २ मिमी पुरते.

नळी विकत घेताना ‘अ‍ॅक्रिलिकही तेच’ असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. पॉलिकार्बोनेट वाकते, अ‍ॅक्रिलिक फुटते आणि त्याचे धारदार तुकडे उडतात. पुसायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरलात तर पॉलिकार्बोनेटलाही बारीक तडे जातात. साबणाचे पाणी पुरे.

बेसलिटची उणीव डोळ्यांना लगेच कळते. बुंध्याशी झगझगीत आणि शेंड्याकडे मंद, आणि पेटते तेव्हा सगळे पाते एकदम पेटते.

पिक्सेलमध्ये उजेड पात्यातच असतो. मीटरला १४४ एलईडी असलेल्या डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारे एलईडी) प्रकारच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून नळीत बसवतात. ९० सेंमीच्या पात्यात साधारण २६० एलईडी होतात. प्रत्येकावर वेगळा ताबा असल्याने उजेड मुठीपासून सरसर वर चढतो आणि वार अडवला तिथेच ठिणगी दिसते. फोटोसाठी, कॉसप्लेसाठी (पात्रासारखा वेश करून मिरवण्यासाठी) याला तोड नाही.

दुखणीही इथूनच सुरू होतात. या पट्ट्या बहुधा अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे डाख देऊन जोडलेल्या असतात. जोरात वार बसला की तो सांधा सुटतो. सिग्नल एका एलईडीतून पुढच्याला जातो, म्हणून एक मेला की त्या बाजूची पुढची सगळी ओळ अंधारात. दुरुस्तीला अख्खी पट्टी बाहेर काढावी लागते.

दुसरे दुखणे विजेचे. एका एलईडीला पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलिअँपिअर धरले तर २६० एलईडींचे १५ अँपिअरच्या वर जाते. निळा एकटा लावला तरी सुमारे ५ अँपिअर. मुठीत बसणारा साधा १८६५० सेल (चार्ज होणारा लिथियम सेल) एवढा ताण घेत नाही. त्याचे संरक्षक सर्किट वीज तोडते आणि पाते पेटता पेटता विझते. बोर्ड खराब झाला असे वाटते, पण आधी सेल बदलून पाहा. जादा अँपिअर देणाराच सेल हवा. पांढरा रंग शेंड्याकडे लालसर दिसू लागला तर वाटेत व्होल्टेज पडते आहे. हिरव्या-निळ्या एलईडींना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून ते आधी मंदावतात. स्वतः बनवत असाल तर पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्या आणि त्यासाठी २२ गेजची वायर वापरा. डेटासाठी, म्हणजे सिग्नलसाठी, ३० गेजची बारीक वायर चालते.

परदेशातून कुणी आणणार असेल तर सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच ठेवायला सांगा, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इन बॅगेत ते चालत नाहीत.

अजून मन ठरत नसेल तर मूठ पिक्सेलची घ्या, पण विकणाऱ्याला एक गोष्ट आधी विचारा: पाते जिथे टेकते त्या पिनांच्या चकतीवर एलईडी आहेत का? असतील तर सरावाला त्याच मुठीत रिकामी नळी बसते, आणि पिक्सेल पाते समारंभासाठी जपून ठेवता येते. बेसलिटच्या मुठीत मात्र पिक्सेल पाते नुसते खोचून पेटत नाही, आतला बोर्ड आणि जोडणी दोन्ही बदलावी लागतात.