काउंटी क्लर्क ऑफिस, टेक्सास: पाचपैकी चार तारे

भाच्याच्या लग्नाच्या लायसनसाठी आमच्या काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) क्लर्क ऑफिसात गेले होते. लायसनला वर-वधू दोघांनाही समक्ष यावं लागतं. मी आपली हौसेने सोबत. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवलं, काउंटरवरच्या बाईंनी हात वर करून शपथ घ्यायला लावली, सही, फी, झालं! साक्षीदार नाहीत की एजंट नाही.

पण मुहूर्त काढलेल्यांनी नीट वाचा: लायसन मिळाल्यावर 72 तास लग्न लावता येत नाही. (लष्करात असलेल्यांना सूट. राज्याचा आठ तासांचा विवाहपूर्व वर्ग केला तरी ही अट जाते, वर फीमध्ये 60 डॉलर वाचतात.) 90 दिवसांत लग्न झालं नाही तर लायसन बाद. लग्नानंतर गुरुजींनी सही केलेला कागद 30 दिवसांत ऑफिसात परत पोचवायचा, तेव्हा नोंद होते. इथे गुरुजींना बजावून सांगा, ते दक्षिणा घेऊन मोकळे होतात.

घराचे दस्तही इथेच नोंदतात, म्हणजे आपलं दुय्यम निबंधक कार्यालयच म्हणा, फक्त इथला क्लर्क चार वर्षांसाठी निवडून येतो. गाडीची नोंदणी मात्र टॅक्स ऑफिसात, आणि घटस्फोट डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, म्हणजे कोर्टाच्या क्लर्ककडे. हे दाराशी ठळक लिहिलेलं नाही, रांगेतले निम्मे लोक चुकीच्या जागी उभे होते. एक तारा त्याचाच कापला.

भारतात दाखवायला प्रमाणित प्रत लगेच मागून घ्या. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) राजधानी ऑस्टिनहून होतं.