18 पॉइंटची यादी: जैसलमेरच्या सहलीत आमची फसवणूक कशी झाली

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण जैसलमेरला जाऊन आलो. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. पॅकेजचे 78,000 रुपये सोलापुरातच भरले होते. परत आल्यावर हिशेब मांडला तेव्हा कळलं, की यातल्या बऱ्याच पैशांच्या बदल्यात आम्हाला काहीच मिळालेलं नाही. एजंटचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार सुरू आहे. पण त्याची पद्धत सविस्तर सांगते, कारण उन्हाळी सुट्टीचं बुकिंग आता सुरू होईल आणि तशाच याद्या घेऊन लोक बसलेले असतील.

जैसलमेर निवडलं ते सासूबाईंमुळे. त्यांचे थोरले भाऊ फौजेत होते आणि 1971 च्या युद्धाच्या वेळी राजस्थानच्या सीमेवर होते. सुट्टीवर येताना त्यांनी तनोट मातेचा एक फोटो आणला होता, तो अजून आमच्या देवघरात आहे. मामा गेले. जैसलमेरच्या पुढे, सीमेजवळ असलेल्या तनोट मातेच्या देवळात एकदा जाऊन यायचं, एवढंच सासूबाईंचं म्हणणं होतं. एजंटला मी पहिल्याच भेटीत हे सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, काय काळजी करू नका वो. आजींना तनोट दाखवल्याशिवाय गाडी परत फिरणार नाही." आणि 'बॉर्डर परमिट' म्हणून माणशी 600 रुपये यादीत घातले.

त्या यादीवर पुरेशी नजर टाकली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. रंगीत कागद, 18 पॉइंट, प्रत्येकापुढे छोटा फोटो. दुसऱ्या एकाकडे तेवढ्याच पैशांत नऊ ठिकाणं होती, म्हणून आम्हाला 18 वाला बरा वाटला. प्रत्यक्षात काय होतं? पटवों की हवेली ही एकाच गल्लीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या पाच हवेल्यांची रांग आहे. यादीत ते पाच पॉइंट होते. 'सम सँड ड्यून्स', 'सूर्यास्त दर्शन', 'उंट सफारी', 'वाळवंटातील लोकनृत्य' हे चार पॉइंट म्हणजे एकाच संध्याकाळी एकाच ठिकाणी होणाऱ्या चार गोष्टी. किल्ला एक, किल्ल्यातला राजवाडा दुसरा, किल्ल्यातली जैन मंदिरं तिसरा, किल्ल्यावरून दिसणारं शहर चौथा. असे तेरा पॉइंट तीन ठिकाणांत संपले. उरलेल्या पाचांत गडीसर तलाव, कुलधरा, माळढोकांचं राष्ट्रीय उद्यान, तनोट आणि लोंगेवाला.

पुण्याहून जोधपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी असा प्रवास होता, तो ठीक झाला. जैसलमेरला उतरलो तेव्हा 'किल्ला दिसणारं हॉटेल' नव्हतं, गावाबाहेरचं होतं. तेही चालवून घेतलं.

पहिला धक्का किल्ल्यावर बसला. यादीत 'किल्ला प्रवेश' म्हणून माणशी 250 रुपये होते. आम्ही चढ चढून आत गेलो, कुणी तिकीट विचारलं नाही. आतल्या एका दुकानदाराला विचारलं तर तो चकित झाला. किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात, घरं आहेत, देवळं आहेत, मुलं शाळेत जातात. 1156 साली रावल जैसलने वसवलेला हा किल्ला म्हणजे एक चालतं गाव आहे आणि गावात शिरायला तिकीट नसतं. तिकीट आहे ते आतल्या राजवाड्याच्या संग्रहालयाला, आणि ते आम्हाला तिथे वेगळं काढावं लागलं. गडीसर तलावाचंही तेच. यादीत प्रवेशाचे 100 रुपये. प्रत्यक्षात काठावर जायला काही लागत नाही, होडीत बसायचं असेल तर त्याचे पैसे.

किल्ल्यातल्या जैन मंदिरांवरचं पिवळ्या दगडातलं कोरीव काम मला डोळे भरून पाहायचं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेरच्या लोकांसाठी दर्शनाची वेळ संपली होती. ती सकाळची असते. आमची सकाळ कुठे गेली होती? ड्रायव्हरने 'हस्तकला संग्रहालय' म्हणून नेलेल्या एका दुकानात. दीड तास. चहा दिला, बसायला गाद्या दिल्या आणि शाली उलगडत राहिले. मी जाऊबाईंसाठी एक घेतली, उंटाच्या लोकरीची म्हणून, 2,800 रुपयांना.

रात्री सासूबाईंनी ती हातात घेतली. त्यांनी तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काढली आहेत. सूत त्यांना डोळ्यांआधी बोटांना कळतं. दोन बोटांत चोळून त्या गप्प बसल्या, मग काठाचा एक धागा उपसला आणि मुलाला काडी पेटवायला सांगितली. धागा जळला नाही, वितळला. टोकाला काळा कडक मणी झाला आणि प्लास्टिकसारखा वास सुटला. "आगं पोरी, लोकर जळली की केस जळल्यावानी वास येतो, आन राख बोटानं चुरगाळती. ही लोकर न्हाई, ॲक्रिलिक हाय." दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने त्या दुकानाकडे गाडी वळवायलाच नकार दिला. कुठेही शाल घेताना काठाचा एक धागा मागा आणि जाळून बघा. धागा द्यायला जो कांकूं करेल, त्याच्याकडून घेऊ नका.

समच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहेत. तिथल्या 'लक्झरी तंबू'चा फोटो एजंटने दाखवला होता. त्या कॅम्पवर आमचं बुकिंगच नव्हतं. मॅनेजरने वही आमच्यापुढे धरली आणि एजंटचं नावही कधी ऐकलं नसल्याचं सांगितलं. तासभर फोनाफोनी झाली आणि आम्हाला रस्त्याच्या अलीकडच्या, टेकड्यांपासून लांब असलेल्या दुसऱ्या तंबूंत टाकलं. नळाला पाणी नव्हतं. उंट सफारी म्हणजे पहिल्या टेकाडापर्यंत जाऊन परत, दहा मिनिटंही नाहीत, आणि पुढे जायचं तर वेगळे पैसे. दिवाळीत समला जत्रेसारखी गर्दी असते, जीपगाड्यांच्या आवाजात वाळवंटाची शांतता कुठे सापडत नाही. खुहडी गावाकडच्या टेकड्या त्या मानाने निवांत आहेत, असं तिथल्याच लोकांनी सांगितलं. आमच्या एजंटने त्या गावाचं नावही काढलं नव्हतं.

माळढोकाचं सांगताना अजून वाईट वाटतं. सोलापूरच्या माणसाला माळढोक म्हणजे जवळचं नान्नजचं अभयारण्य. माझा थोरला शाळेच्या सहलीत नान्नजला जाऊन आला होता आणि पक्षी न दिसता परतला होता. देशात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर भागातच आहेत, त्यामुळे त्याला फार आशा होती. ड्रायव्हरने समच्या रस्त्याला एका पाटीजवळ गाडी थांबवली आणि म्हणाला, "यही है पार्क." पक्ष्यांच्या भागात जायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, ती कुणी काढलीच नव्हती. जिथे खरोखर परवानगी लागते तिथे ती काढली नाही, आणि जिथे लागत नाही तिथले पैसे घेतले.

कुलधरा तर टाळलंच. 'भुतांचं गाव आहे, लेकराबाळांना तिकडे नेत नाही' असं ड्रायव्हर म्हणाला. हे गाव शहरापासून अठरा-वीस किलोमीटरवर आहे. पालीवाल ब्राह्मणांनी वसवलेलं आणि एकोणिसाव्या शतकात ओस पडलेलं. दिवाण सालिम सिंगच्या जाचाने एका रात्रीत लोक निघून गेले, अशी कथा सांगतात. पाणी आटत गेल्यामुळे गाव हळूहळू रिकामं झालं, असंही अभ्यासक म्हणतात. मला तिथे जायचं होतं ते पालीवालांच्या खडीनसाठी. उतारावर लांब मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. आमचं माहेर मंगळवेढ्याकडचं, मुरलेल्या ओलीवर ज्वारी पिकवणारं. वाळवंटात हे कसं जमवलं असेल, ते वडिलांना येऊन सांगायचं होतं. ते राहून गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरचा फोन आला. तनोटचं परमिट मिळालं नाही, आज शहरातच फिरू. सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या. मामांचा फोटो पिशवीत होता. त्यांनी एक शब्द काढला नाही, फक्त चपला काढून परत खोलीत गेल्या.

हॉटेलच्या समोर चहा विकणाऱ्याला मी सहज विचारलं. तो म्हणाला, तनोटच्या देवळाला कसलं परमिट? आपल्या देशातला कुणीही जातो. परवानगी लागते ती तनोटच्या पुढे, थेट सीमेच्या खांबापर्यंत जायचं असेल तर. जवळ ओळखपत्र ठेवा म्हणजे झालं. त्यानेच एका गाडीवाल्याला बोलावलं. तनोट आणि लोंगेवाला मिळून 4,500 रुपये, अख्ख्या गाडीचे. आम्ही न दिसणाऱ्या परमिटचे 3,000 सोलापुरात भरून आलो होतो.

तनोट जैसलमेरपासून साधारण 120 किलोमीटर आहे, रामगढवरून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि खेजडीची झाडं. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. 1965 च्या युद्धात या परिसरात पडलेले आणि न फुटलेले बाँब तिथे काचेच्या कपाटात ठेवले आहेत. लोक आवारात रुमाल बांधून नवस बोलतात. सासूबाईंनी मामांचा फोटो देवीपुढे धरला, मग आपल्याकडचा रुमाल बांधला. एका जवानाने विचारलं, कहाँ से आये हो माताजी? 'सोलापूर' म्हणताना त्यांचा आवाज फुटला. लोंगेवालालाही गेलो. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या तुकडीने जिथे रणगाडे अडवले, आणि सकाळी हवाई दलाची हंटर विमानं आली, ती जागा. पाकिस्तानी रणगाडा तिथेच उभा आहे. अख्ख्या सहलीत हा एक दिवस आमचा होता.

परत आल्यावर एजंटकडे गेलो. आधी 'सीझन होता वो ताई', मग 'वरच्या पार्टीने फसवलं', मग फोन उचलणं बंद. अर्धे पैसे रोख दिले होते, अर्धे त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने. पावतीवर 'जीएसटीसह' लिहिलं होतं, पण 15 अक्षरी जीएसटी क्रमांक नव्हता. तो क्रमांक असता तर जीएसटीच्या संकेतस्थळावर खरा की खोटा हे दोन मिनिटांत बघता आलं असतं. पोलिसांत अर्ज दिला आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारही केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. रंगीत यादी, यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज मी जपून ठेवले होते, तेच आता कामाला येत आहेत.

तुम्ही कुणाकडेही बुकिंग करा, पण यादीतल्या प्रत्येक नावापुढे शहरापासूनचं अंतर, तिकीट किती आणि ते कोण घेतं, आणि बघायला किती वेळ ठेवलाय, हे त्याच्याकडून लिहून घ्या. मग नकाशावर बोट ठेवून बघा. एकाच गल्लीतले पाच पॉइंट लगेच दिसतील. कॅम्पचं नाव घेऊन पैसे देण्याआधी त्या कॅम्पला स्वतः फोन लावा. परमिट म्हटलं की कुणाचं, कुठून मिळणार, आणि त्याची पावती कुठे, हे विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ज्या ठिकाणासाठी नेताय ते पहिल्या दिवशीच ठेवायला सांगा, शेवटच्या दिवशी नको.

गेल्या आठवड्यात बाजारातून येताना बघितलं, एजंटच्या त्याच गाळ्यावर नवीन नावाची पाटी लागली आहे. काचेवर उन्हाळी सुट्टीची जाहिरात आहे, त्यात 26 पॉइंट लिहिलेत. आत एक आजी-आजोबा खुर्चीवर बसले होते. मी आत गेले आणि आमची यादी त्यांच्यापुढे ठेवली.