गाडीतलं टिंगटिंग: वर्षभर ऐकल्यानंतर

गाडीच्या रिव्ह्यूमध्ये ॲव्हरेज, बूट, एसी, सस्पेन्शन सगळं येतं. गाडी दिवसभरात किती वेळा आणि कशाकशासाठी ओरडते, ते मात्र कोणी लिहीत नाही. वर्ष झालं, रोज ऐकतोय, म्हणून फक्त त्याबद्दलच लिहितो.

गाडी पेट्रोल, मॅन्युअल, मधलं व्हेरिएंट. रोजचं नेरूळ ते रबाळे एमआयडीसी. शनिवार-रविवार पाम बीच, कधी अटल सेतूवरून मुंबई, अधूनमधून समृद्धीने नाशिक. कंपनीचं नाव लिहीत नाही. यातले निम्मे आवाज सरकारी नियमाने सगळ्याच गाड्यांत आलेत, आणि उरलेले त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलमध्ये बदललेले असू शकतात.

आधी आवाज येतो कुठून ते. आमच्या जुन्या गाडीत इंडिकेटरची टिकटिक म्हणजे डॅशबोर्डखालच्या फ्लॅशर रिलेचा खरा खटका असायचा. दार उघडं राहिलं की दाराच्या स्विचवरून करंट थेट बझरला. नव्या गाडीत दाराचा स्विच काहीच वाजवत नाही. तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे दारं-दिवे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, फक्त कळवतो, आणि ते मॉड्यूल गाडीतल्या कॅन नेटवर्कवर निरोप टाकतं. बॉश कंपनीने हे नेटवर्क १९८६ साली पहिल्यांदा मांडलं. त्याच दोन वायरींवर इंजिन, एबीएस, एअरबॅग असे सगळे आपापलं बोलत असतात. मीटर ते ऐकतं, स्पीड किती, इंजिन चालू आहे का, गिअर कुठला हे बघतं आणि मग ठरवतं की दिवा लावून भागेल की वाजवायचंही. दोन कारणं एकदम आली तर आधी कोणाला वाजू द्यायचं याचाही क्रम लावून दिलेला असतो. म्हणून दार उघडं ठेवून गाडी उभी असली तर नुसतं चित्र दिसतं, आणि तीच गाडी जरा सरकली की बोंब सुरू.

इंडिकेटरची टिकटिकही आता स्पीकरमधून येते, जुन्या रिलेची नक्कल म्हणून. पण त्या नक्कलेत एक जुनी खूण जपली आहे. टिकटिक एकदम दुप्पट वेगाने व्हायला लागली तर समजायचं, त्या बाजूचा एखादा बल्ब गेला. रिलेच्या काळात बल्ब उडाला की करंट कमी व्हायचा आणि रिले आपोआप घाईला यायचा. आता मॉड्यूल मुद्दाम तसं करतं. बल्ब बदलायला फार लागत नाही, फक्त ती घाई ओळखता यायला हवी.

माझ्या गाडीत हे सगळे आवाज मीटरच्या मागच्या छोट्या स्पीकरमधून येतात. काही गाड्यांत ते म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरमधून सोडतात. तशा गाडीत बाहेरून स्टिरिओ बदलून घ्यायचा असेल तर ॲक्सेसरीवाल्याला आधी विचारा, नाहीतर गाण्यांबरोबर गाडीचे इशारेही जातील.

आता सीटबेल्ट. सगळ्यात कटकट्या आवाज हाच, आणि माझ्या मते एवढाच आवाज आपलं काम चोख करतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारी या दोघांसाठी बेल्टची आठवण, ड्रायव्हरची एअरबॅग, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. ड्रायव्हरचं सोपं आहे, बकलमध्ये स्विच असतो. शेजारच्या सीटखाली मात्र वजन ओळखणारी पट्टी आहे, आणि वजन माणसाचं की सामानाचं हे तिला कळत नाही. लॅपटॉपची बॅग ती बहुतेक वेळा सोडून देते. एप्रिलमध्ये वाशीच्या एपीएमसीतून हापूसची पेटी घेतली, डिकीत आधीच सामान होतं म्हणून पेटी पुढच्या सीटवर ठेवली. मार्केटच्या गेटमधून बाहेर पडून जरा वेग घेतला आणि गाडीने जो गळा काढला तो थांबेना. आधी हळू, मग जलद, मग आणखी जलद. शेवटी सानपाड्याला बाजूला घेऊन पेटीला पट्टा लावला. घरी बायकोने विचारलं, "ही कोण पाहुणी?" पण पट्टा लावल्यावर पुढच्या सिग्नलला पेटी जागची हललीही नाही. नाहीतर दरवेळी वरचे आंबे खाली लोळायचे.

मागच्या सीटचं वेगळं आहे. माझ्या गाडीत मागे वजनाचा सेन्सर नाही, फक्त बकलचे स्विच. गाडी चालू केली की मागचे कुठले पट्टे लागलेत तेवढं चित्रात दिसतं. ओरडते कधी, तर लावलेला पट्टा चालत्या गाडीत कोणी काढला तर. म्हणजे जो लावतच नाही त्याला माफी, आणि पाण्याची बाटली काढायला क्षणभर सोडला त्या आईला बोलणी. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. त्यानंतर त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. गाडीचं चित्र त्यामानाने अजून फारच भिडस्त आहे.

आणि बेल्टचा आवाज बंद करायची ती क्लिप. पट्टा न लावता तिची लोखंडी जीभ नुसती बकलमध्ये खुपसायची, गाडी गप्प. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्रेत्यांना आदेश दिल्यावर अशा क्लिपच्या १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. ॲपवरच्या टॅक्सीत तर क्लिपचीही गरज लागत नाही; पट्टा पाठीमागून घेऊन कायमचा लावून ठेवलेला, ड्रायव्हर त्याच्यावर टेकून बसलेला. एअरबॅग पट्ट्यासोबत काम करायला बनवलेली आहे. पट्टा नसलेला माणूस ब्रेकच्या झटक्याने आधीच पुढे गेलेला असतो, आणि फुगणारी बॅग त्याला नको तितक्या जवळून लागते. हे एका टॅक्सीवाल्या दादांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "साहेब, दिवसभर बसून बघा." पाठीला घाम, दिवसभर चढ-उतार, त्यांचं खोटं नाही. पण ऐरोलीच्या पुलावर त्यांची गाडी ऐंशीला होती.

ऐंशीवरून वेगाच्या इशाऱ्यावर येतो, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. नियम असा: ८० च्या पुढे गेलं की थांबून थांबून बीप, १२० च्या पुढे सलग. माझ्या गाडीत ८० नंतर दर मिनिटाला एकदा, लागोपाठ दोन बीप येतात. हे आकडे गाडीत कायमचे बसवलेले आहेत. रस्ता कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

परिणाम काय होतो बघा. पाम बीचवर मर्यादा ६० ची, कॅमेरे लावलेले, आणि गाडी ७९ पर्यंत गप्प. चलन घरी आलं तरी गाडीच्या दृष्टीने सगळं आलबेल. उलट अटल सेतूवर कारला १०० ची परवानगी आहे. पूल २१.८ किलोमीटरचा. पूर्ण लांबी ९० ने कापायची तर साडेचौदा मिनिटं लागतात, म्हणजे कायद्यात राहूनही चौदा-पंधरा वेळा टोकणं. तोच पूल उतरताना रॅम्पवर मर्यादा ४० ची होते. खरा धोका तिथे असतो, कारण शंभरची सवय झालेल्या पायाला साठ म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं. तिथे गाडी चिडीचूप. समृद्धीवर मर्यादा १२० आणि सलग आवाजही १२० लाच, तेवढं एकच ठिकाण जुळतं. त्यातही स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. नियमाने त्याला कमी दाखवायची मुभा नाही, म्हणून कंपन्या सगळ्याच पुढे ठेवतात. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघितलं, माझ्या गाडीत शंभरच्या आसपास चार-पाचचा फरक आहे.

आता तो मिनिटाचा बीप मला ऐकूच येत नाही. कानावर पडतो, पण आत पोचत नाही. शेजारी बसलेल्या माणसाने "हे काय वाजतंय?" असं विचारलं की कळतं. जो आवाज बरोबर असतानाही वाजतो, त्याचं असंच होणार. मोबाइलवरचा नकाशा ॲप निदान रस्त्याची मर्यादा दाखवतो. आता पाम बीचवर मी त्याच्या भरवशावर असतो.

रिव्हर्स सेन्सर आवडला. बंपरमधल्या त्या गोल टिकल्या साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतात. माणसाचा कान २० च्या वर ऐकत नाही, त्यामुळे तो आपल्याला कळत नाही. मागे एक मीटरवर भिंत असेल तर प्रतिध्वनी सहा मिलिसेकंदांत परत येतो, त्यावरून अंतर निघतं आणि आत बीपची घाई ठरते. सलग सूर लागला की थांबायचं. आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे, दोन खांबांच्या मध्ये माझी जागा, आणि सलग सूर लागला तरी माझ्या गाडीत अजून वीतभर जागा उरते, हे मोजपट्टी लावून बघून ठेवलंय. वॉचमन अजूनही मागे उभा राहून "आने दो, आने दो" करतो. त्याचा आणि सेन्सरचा वाद झाला तर मी सेन्सरचं ऐकतो. पाऊस असेल तर वॉचमनचं. जुलैमध्ये टिकल्यांवर पाण्याचा थर आणि चिखल बसला की मागे कोणी नसताना सलग सूर लागतो. बोटाने पुसलं की शुद्धीवर येतो. बारीक लोखंडी गज, जाळी, अगदी बुटका ठोकळा या गोष्टी त्याला नीट दिसत नाहीत, तेव्हा आरसा सोडू नका.

आता बारीक आवाज, ज्यांनी मला जास्त छळलं. गाडीत एक साधं "टिंग" आहे. पेट्रोल कमी झालं, टिंग. बाहेर किल्ली घेऊन उतरलो, टिंग. सर्व्हिस जवळ आली, टिंग. इंजिन ऑइलचं प्रेशर गेलं तर, मॅन्युअलप्रमाणे, तेच टिंग आणि लाल दिवा. पेट्रोलवाल्या टिंगनंतर नेरूळहून तुर्भ्याच्या पंपापर्यंत आरामात जाता येतं. ऑइल प्रेशरच्या टिंगनंतर पंप दिसत असला तरी गाडी जागेवर बंद करायची असते, नाहीतर काही मिनिटांत इंजिनचं काम मोठं होतं. दोघांना एकच आवाज देणारा इंजिनिअर कोण, त्याला एकदा भेटायचंय. तोवर दिव्याचा रंग बघायचा: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे दाखवून घ्या.

हिवाळ्यात गाडी बंद करताना एक टिंग यायला लागलं. स्क्रीनवर काहीतरी उमटायचं आणि वाचेपर्यंत जायचं. सर्व्हिस सेंटरला दाखवलं, त्यांनी स्कॅनर लावला, "सॉफ्टवेअर अपडेट येईल" म्हणून परत पाठवलं. पुढच्या वेळीही तेच उत्तर. शेवटी मुलाने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि थांबवून वाचलं: किल्लीची बॅटरी कमी. सीआर २०३२ चा सेल, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. टिंग त्याच दिवशी गेलं. सर्व्हिसच्या बिलावर मात्र "डायग्नोस्टिक" म्हणून रक्कम आहे.

एक गोष्ट ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या जुन्या गाडीतली. तुर्भ्याचा उड्डाणपूल उतरताना ब्रेक दाबला की हँडब्रेकचा दिवा लागून टिंग, सपाटीवर आलं की बंद. हँडब्रेक तर खाली. तो दिवा ब्रेक ऑइलचाही असतो. डब्यात तरंगणारा फ्लोट असतो, ऑइल कमी असलं की उतारावर ते पुढे सरकून फ्लोट खाली बसतो. मेकॅनिकने आधी ब्रेक पॅड बघितले, ते झिजले होते. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि डब्यातलं ऑइल तेवढं उतरतं. नुसतं वरून ऑइल ओतून घेतलं असतं तर दिवा गेला असता आणि झिजलेले पॅड तसेच राहिले असते.

बाबांबद्दल लिहायलाच हवं. ते सत्तरीचे, गाडी अजून उत्तम चालवतात. बेल्टचा आवाज त्यांना ऐकू येतो, पण किल्लीचं बारीक टिंग आणि इंडिकेटरची टिकटिक येत नाही. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे सूर जातात, आणि या गाडीत नेमके तेच वापरलेत. वाशीपर्यंत डावा इंडिकेटर चालू ठेवून येतात आणि मागचे शिव्या देतात. सेटिंगमध्ये इंडिकेटरचा आवाज तीन पायऱ्यांत वाढतो, तो वरच्या पायरीवर केला. फरक पडला, पण पट्टी बदलायची सोय नाही. "अरे, जुन्या गाडीचं कसं खट खट ऐकू यायचं," ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. रिलेचा खटका जाडा होता.

मेव्हण्याच्या गाडीत एडास आहे, म्हणजे पुढची वाहनं आणि लेनच्या पट्ट्या बघून इशारा देणारी यंत्रणा. घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते मानपाडा त्याच्यासोबत गेलो. रिक्षा आडवी घुसली की लाल चित्र आणि मोठा आवाज, आणि तिथे रिक्षा दर शंभर मीटरला घुसते. लेनचा इशारा त्याने केव्हाच बंद केलाय, कारण जुन्या आणि नव्या पांढऱ्या पट्ट्या एकमेकांवरून जातात. पुढच्या टकरीचा मात्र चालू ठेवलाय. मीही तेच केलं असतं.

नवी गाडी बघायला जाणार असाल तर शोरूमच्या अंगणातच हे करून घ्या: पट्टा न लावता बसा, दार उघडं ठेवा, किल्ली घेऊन बाहेर उतरा, रिव्हर्स टाकून कोणाला तरी मागून चालायला सांगा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या आणि काय काय ऐकू आलं ते त्यांना विचारा. कुठले आवाज कमी-जास्त करता येतात ते सेटिंगमध्ये उघडून दाखवायला सांगा. मधल्या व्हेरिएंटमध्ये यातलं बरंच नसतं. सेल्समन बसल्या बसल्या गाणी लावेल. ती आधी बंद करायला सांगा.