धावत्या थ्रोची पारख करायची तर: एनएफएल प्लस प्रीमियममधली ऑल-ट्वेंटीटू फिल्म

एनएफएल प्लस प्रीमियम, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची सामने दाखवणारी सेवा. तिच्यासाठी मी महिन्याला 14.99 डॉलर भरत आलेय ते एकाच गोष्टीसाठी, ऑल-ट्वेंटीटू फिल्मसाठी. त्यात बाकीही बरंच आहे. अख्खे सामने पुन्हा बघता येतात, मधला रिकामा वेळ कापून आटोपशीर केलेले सामनेही मिळतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण नुसतं त्यांच्यासाठी मी पैसे भरले नसते. ऑल-ट्वेंटीटू म्हणजे मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत दाखवणारं, उंचावरून घेतलेलं चित्रण. संघांचे कोच अभ्यासाला हेच वापरतात. 2012 च्या सीझनपासून ते आपल्यासारख्या प्रेक्षकांनाही मिळू लागलं.

मी मूळची जळगावची. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचे, शॉर्टस्टॉपला. त्या जागेवर कामच ते: धावत जाऊन चेंडू उचलायचा आणि पाय जमिनीत रुतायच्या आत फर्स्ट बेसवर फेकायचा. आता राहते कॅन्सस सिटीजवळ, ओव्हरलँड पार्कला. इथे सप्टेंबर लागला की रविवार इथल्या संघाचा, चीफ्सचा असतो आणि सोमवारी ऑफिसात त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) पॅट्रिक महोम्स याच्या थ्रोंची उजळणी होते. त्या गप्पांत धावता धावता केलेला प्रत्येक थ्रो एकाच तराजूत जातो. मला ते पटत नाही. काही धावते थ्रो सोपे असतात, अगदी सोपे. काही असे असतात की ते सुटतात तरी कसे याचं नवल वाटावं. हा फरक घरबसल्या पारखता येतो का, याच एका कसोटीवर मी ही सेवा वापरून बघितली. उत्तर: येतो, पण फिल्मसोबत थोडं गणितही घ्यावं लागतं.

टीव्हीची अडचण आधी सांगते. थेट प्रक्षेपणात कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. तो पॉकेटमधून, म्हणजे सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती केलेल्या कड्यातून बाहेर पडला, मागे दोन धिप्पाड गडी लागले, त्याने पळता पळता हात फिरवला. इथपर्यंत आपण त्यालाच बघत असतो. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, चौकटीत येतो तो चेंडू हवेत असताना. तो किती मोकळा होता, कुठल्या दिशेने पळत होता, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) कुठे उभा होता, काही कळलेलं नसतं. मग आपण थ्रोची अवघडता क्वार्टरबॅकच्या धडपडीवरून ठरवतो, आणि धडपड जितकी जास्त तितका थ्रो थोर असं समीकरण डोक्यात बसतं.

ऑल-ट्वेंटीटूमध्ये साईडलाईनवरून घेतलेला कोन लावा आणि एखादं बूटलेग बघा. क्वार्टरबॅक धावणाऱ्याला चेंडू दिल्याचं नाटक करतो आणि उलट्या बाजूला पळत सुटतो. टीव्हीवर तो जीव घेऊन पळतोय असं वाटतं. वरून बघितलं की कळतं, हे सगळं आधीच आखलेलं आहे. बचावाचे निम्मे गडी चुकीच्या बाजूला गेलेत आणि दोन-तीन रिसीव्हर वेगवेगळ्या अंतरांवर त्याच्याच दिशेने पळतायत. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

कारण धावणाऱ्याच्या हातून सुटलेला चेंडू त्याचा वेगही सोबत नेतो. क्वार्टरबॅक ताशी 12 मैलांनी साईडलाईनकडे पळत असेल तर तो सेकंदाला साधारण 6 यार्ड सरकतोय. चेंडू दोन सेकंद हवेत राहिला की तो आपोआप 12 यार्ड त्या बाजूला वाहत जातो. समोर उभ्या असलेल्या माणसाला नेमका द्यायचा तर नेम त्याच्यावर धरून चालत नाही, बराच मागे धरावा लागतो. पण रिसीव्हरही त्याच बाजूला त्याच चालीने पळत असेल तर दोघांचं सरकणं एकमेकांत जिरतं आणि थ्रो उभ्या उभ्या केल्यासारखा होतो. उलट, रिसीव्हर विरुद्ध बाजूला पळत असला तर चूक दुप्पट वेगाने वाढते. म्हणून मी फिल्म थांबवते ती चेंडू हातातून सुटण्याच्या क्षणी, आणि पहिल्यांदा बघते ते एवढंच: दोघांच्या धावेत किती कोन आहे.

दुसरी गोष्ट खांद्यांची. हे खोलीत उभं राहूनही करून बघता येईल. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा लक्ष्याकडे हवा. समोरची भिंत म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एंड झोन (मैदानाच्या टोकाचा, गुण मिळवून देणारा पट्टा) धरा आणि उजवीकडे वळून चालू लागा. डावा खांदा आपोआप भिंतीकडे आला. आता डावीकडे वळून चाला. डावा खांदा पाठीमागे गेला, आपल्याच एंड झोनकडे. तिथून फेकायचं तर पाय डावीकडे पळत असताना वरचं सगळं धड उलटं फिरवायला हवं. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकचा डावीकडचा रोल आऊट (पॉकेटबाहेर आडवं पळणं) आणि उजवीकडचा रोल आऊट ही दोन वेगळी कामं आहेत, आणि गुणांकन करताना लोक ती एकच धरतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1 ऑक्टोबर 2018 ला डेन्व्हरमध्ये महोम्स डावीकडे पळत होता आणि मागून डेन्व्हरचा व्हॉन मिलर येऊन भिडला, तेव्हा त्याने चेंडू चक्क डाव्या हातात घेऊन टायरीक हिलला दिला. थर्ड डाऊन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, 5 यार्ड हवे होते, ते मिळाले, आणि चीफ्स तो सामना 27-23 ने जिंकले. लोकांना ती जादू वाटली. मला त्यात शरीराचा हिशोब दिसतो: डावीकडे पळताना उजवा खांदा आपोआप लक्ष्याकडे येतो, आणि डाव्या हाताने फेकायला तोच हवा असतो. हा मुलगा बेसबॉल खेळत मोठा झाला, त्याचे वडील मेजर लीगमध्ये पिचर होते, 2014 मध्ये डेट्रॉइट टायगर्सनी त्यालाही ड्राफ्टमध्ये निवडलं होतं. वेड्यावाकड्या कोनांतून फेकायची सवय तिथली.

आता आकड्यांकडे येते, कारण नुसती फिल्म पुरत नाही. नेक्स्ट जेन स्टॅट्स या एनएफएलच्याच मोजणी यंत्रणेचे आकडे त्यांच्या साईटवर फुकट बघता येतात. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असतात, 2017 पासून चेंडूतही आहे, आणि स्टेडियमभर बसवलेली सिग्नल पकडणारी यंत्रं त्यांची जागा सेकंदाला 10 वेळा टिपतात. त्यावरून 2018 पासून प्रत्येक पासला ‘कम्प्लीशन प्रॉबॅबिलिटी’ दिली जाते, म्हणजे असा पास पूर्ण होण्याची शक्यता किती टक्के. चेंडू हवेत किती अंतर गेला, रिसीव्हरपासून बचावपटू किती लांब, साईडलाईन किती जवळ, क्वार्टरबॅकच्या अंगावर येणारा गडी किती जवळ, क्वार्टरबॅक स्वतः किती वेगात होता, पास सुटायला किती वेळ लागला, हे सगळं त्यात धरतात. 30 टक्क्यांचा पास पूर्ण झाला तर खात्यात 70 जमा, पूर्ण झाला नाही तर 30 वजा.

यातली एक गोष्ट धावत्या थ्रोसाठी फार मोलाची आहे: हवेतलं अंतर खरंखुरं मोजतात. नेहमीच्या तक्त्यात पास ‘15 यार्डांचा’ लिहिलेला असतो तो लाईन ऑफ स्क्रिमेजपासून, म्हणजे खेळी जिथून सुरू झाली त्या रेषेपासून पुढे. पण क्वार्टरबॅक पळत पळत लाईनच्या 12 यार्ड मागे गेला असेल आणि तिथून मैदानाच्या पलीकडे, आडवं 35 यार्ड लांब फेकत असेल, तर चेंडू 44 यार्ड गेला. ऑल-ट्वेंटीटूवर हे स्वतः मोजता येतं. हॅश मार्क, म्हणजे मैदानावरच्या छोट्या रेघा, दर यार्डाला असतात, आणि मैदानावर रंगवलेल्या आकड्यांचा खालचा काठ साईडलाईनपासून 12 यार्डांवर. एवढं माहीत असलं की थांबवलेल्या चित्रावरून अंदाज बराच जवळ येतो.

पण हा आकडा शेवटी झेल झाला की नाही यावरच क्वार्टरबॅकचं माप काढतो. 7 फेब्रुवारी 2021, टँपा, पंचावन्नावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (क्वार्टरबॅकला दोन्ही कडांनी वाचवणारे गडी), एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर. महोम्सच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं इतकं होतं की सामन्यानंतर तीन दिवसांत शस्त्रक्रिया झाली. उजव्या हाताने फेकणारा ज्या पायावर अंग टाकतो तो हाच पाय. त्या रात्री पास सुटण्याआधी किंवा पाडला जाण्याआधी तो एकूण 497 यार्ड पळाला. शेवटच्या क्वार्टरमध्ये, फोर्थ डाऊनवर, मागे मागे पळत असताना त्याचा तोल गेला आणि जमिनीला समांतर, हवेत आडवा असताना त्याने चेंडू सोडला. तो एंड झोनमध्ये सहकारी डॅरेल विल्यम्सच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आदळला. झेल नाही. चीफ्स 31-9 ने हरले. हिशोबात तो अपूर्ण पास, क्वार्टरबॅकच्या खात्यातून वजा. एकही पाय जमिनीवर नाही, कंबरेचा जोर नाही, फक्त खांदा आणि मनगट, आणि तरी चेंडू माणसाच्या तोंडावर पोचतो! मी बघितलेल्या धावत्या थ्रोंमध्ये याच्याइतका अवघड दुसरा नाही, आणि हे मी चीफ्सची चाहती म्हणून लिहीत नाहीये.

त्याच्या शेजारी 2 ऑक्टोबर 2022 चा टचडाऊन ठेवा, तोही टँपातलाच. महोम्स उजव्या साईडलाईनजवळ गिरकी घेऊन निसटतो आणि क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला चेंडू हलकेच उडवून देतो. बघायला फार देखणा. पण त्यातलं अवघड काम पायांचं होतं; थ्रो म्हणून बघितला तर छोटासा. असे दोन क्षण वेगळे करता आले की पैसे वसूल.

चेंडूत चिप येण्याआधीचं एक उदाहरण मला कायम लागतं. 15 जानेवारी 2017, डॅलसविरुद्ध प्लेऑफ. थर्ड डाऊन, 20 यार्ड हवे होते, 12 सेकंद बाकी. ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक एरन रॉजर्स डावीकडे पळतो आणि पळतानाच फेकतो; जॅरेड कूक साईडलाईनला पायांची टोकं आत ठेवून झेलतो. 36 यार्ड. मग मेसन क्रॉस्बीने लाथेने मारलेला 51 यार्डांचा फील्ड गोल आणि पॅकर्स 34-31 ने विजयी. कोनाच्या हिशोबाने कूकही डावीकडेच चालला होता, म्हणजे सरकण्याची अडचण कमी. अवघडपणा सगळा खांद्यांचा आणि साईडलाईनचा. चेंडू पुढे गेला असता तर बाहेर, मागे राहिला असता तर बचावपटूच्या हातात. मी याला महोम्सच्या आडव्या थ्रोच्या एक पायरी खाली ठेवते, फक्त एकच.

सेवेच्या उणिवाही स्पष्ट आहेत. ऑल-ट्वेंटीटू सामना संपल्या संपल्या मिळत नाही, एक-दोन दिवस थांबावं लागतं. आवाज नाही, समालोचन नाही; ज्यांना खेळ नुकता कळायला लागलाय त्यांना पहिला अर्धा तास रटाळ वाटेल. फोनवर बघण्यात अर्थ नाही, बावीस माणसं मुंगीएवढी दिसतात आणि पाय तर दिसतच नाहीत. मोठा स्क्रीन हवा. आणि पाय बघायचेच असतील तर एंड झोनच्या मागचा कोन लावा. तो लाईनवर जास्त जवळून असतो, थ्रोच्या क्षणी टाच टेकलेली आहे की नाही हे तिथे सापडतं. चिप शोल्डर पॅडमध्ये, त्यामुळे पाय आणि कंबर काय करत होते हे ती सांगत नाही. फिल्म आणि आकडे एकाच पडद्यावर, एकमेकांशेजारी मिळाले तर मी जास्त पैसे द्यायला तयार आहे. सध्या दोन खिडक्या उघडून काम चालवते.

पाचपैकी चार तारे. सामना फक्त गंमत म्हणून बघत असाल तर घेऊ नका. घरात सॉफ्टबॉल, बेसबॉल किंवा फ्लॅग फुटबॉल खेळणारं पोर असेल तर नक्की घ्या, निदान सीझन चालू असताना. त्याला बूटलेगचे दोन-चार थ्रो दाखवा, मग कुणा उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकने डावीकडे पळताना केलेला एक दाखवा, आणि चेंडू सुटतो तिथे चित्र थांबवून विचारा की डावा खांदा कुठे आहे.