सोळा इंच की सतरा? वऱ्हाडातल्या रस्त्यांवर वेगवान सेडानची चाकं

व्हर्टस जीटी, स्लाव्हिया १.५ किंवा वेर्ना टर्बो यांतली एखादी गाडी घरी आली की पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच चाकांचा विषय निघतो. इंजिन १५०-१६० अश्वशक्तीचं आणि खाली चाकं १६ इंची. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये पंजा सहज जाईल एवढी पोकळी. त्यात कुठे १९ इंची चाकांवरची ऑक्टेव्हिया आरएस उभी दिसली की आपली गाडी पायाने बारीक वाटायला लागते. मग प्रश्न उरतो एवढाच: आहेत त्याच रिमवर चांगले टायर चढवायचे, की १७ इंची अलॉय घ्यायचे?

हे दोन्ही मी करून पाहिलं. माझी गाडी याच वर्गातली, टर्बो पेट्रोल, कंपनीकडून आलेला टायर २०५/५५ आर१६, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के उंच आणि रिम १६ इंची. दारव्हा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून सात किलोमीटर आत आमचं गाव. शेत, जिनिंग, बाजार समिती, महिन्यातून दोनदा नागपूर आणि अधूनमधून अमरावती असा माझा फेरा. १७ इंची चाकांवर मी साधारण दीड वर्ष काढलं आणि आता पुन्हा १६ वर आहे. तुमचा रस्ता वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल, म्हणून माझं सगळं रस्त्यासकट सांगतो.

आधी इंजिनाचा रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्राममधला बदल, का नाही, असं कोणी विचारेल. रीमॅपने तीस-चाळीस अश्वशक्ती वाढते असं ट्यूनिंगवाले सांगतात आणि टर्बो इंजिनात तेवढी जागा असतेही. पण या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. आहे तो २५० न्यूटन मीटरचा टॉर्कच मृगाच्या पहिल्या सरीनंतर दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं जागेवर फिरवतो, त्यात भर कशाला? शिवाय जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेला मॅप घेतला, तर आमच्याकडच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळतं. स्प्रिंग बुटके करून गाडी खाली बसवायचा विचार आमच्याकडचे गतिरोधक पाहून मी केलाही नाही. ताकद जमिनीवर उतरते ती शेवटी चार टायरांच्या तळव्यांतून. म्हणून पहिला पैसा तिथे.

आता सतराची बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो. टायरची भिंत बुटकी झाली की स्टीअरिंग वळवल्याबरोबर गाडीचं नाक वळतं. १६ इंचीवर ती भिंत आधी किंचित दबते आणि मग गाडी ऐकते. हा फरक निमिषभराचा आहे, पण ज्याला गाडी चालवायला आवडते त्याच्या हाताला तो लगेच लागतो. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना लोणी ते माना हा पट्टा लागतो. जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला, तो हाच. त्या रस्त्यावर सतरावरची गाडी दोरीवर चालावी तशी चालते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना तर प्रत्येक वळणावर मला वाटायचं की खर्च केलेला पैसा पूर्ण वसूल झाला. दिसायलाही गाडी अशी उभी राहते की बाजार समितीच्या आवारात पोरं येऊन चाकांना हात लावून बघायची. हे सुख खोटं नाही, आणि त्यासाठी कोणी सतरा घेत असेल तर त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही.

समृद्धी महामार्गाचं मात्र थोडं वेगळं आहे. कारंजा लाडला इंटरचेंजवरून वर चढलं की १२० च्या मर्यादेत लेन बदलताना सतरावर गाडी जास्त ठाम वाटते. पण तो रस्ता काँक्रीटचा. बुटक्या भिंतीच्या टायरवर काँक्रीटचा आवाज सरळ आत येतो, आणि मला तरी तासाभराने त्याचा शीण यायचा. मे महिन्यात दुपारी, पारा ४५ च्या घरात असताना, तिथे टायर किती तापतात हे हात लावून बघितल्याशिवाय कळणार नाही. हवेचं तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय वाढतो. म्हणून हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना तपासायची. हे सोळाला लागू आहे आणि सतरालाही.

थोडं गणित. २०५ मिलिमीटरचे ५५ टक्के म्हणजे मूळ टायरची भिंत जवळपास ११३ मिलिमीटर. मी बसवले २१५/४५ आर१७, त्यांची भिंत ९७. म्हणजे रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामधली गादी बोटाच्या जाडीएवढी, १६ मिलिमीटरने, कमी झाली. चाकाचा व्यास ६३२ वरून ६२५ वर आला. गाडीची जमिनीपासूनची उंची त्याने साडेतीन मिलिमीटरच घटली आणि वेगाचा काटा एक टक्का जास्त दाखवायला लागला, त्याचं काही वाटलं नाही. वजन मी कापूस मोजायच्या काट्यावर करून पाहिलं. टायरसकट एक चाक मूळ चाकापेक्षा दीड-दोन किलो जास्त भरलं. काटा कापसाचा आहे, त्यामुळे शे-दोनशे ग्रॅमवरून मी वाद घालणार नाही. पण उभ्या गाडीने निघताना पूर्वीचा हलकेपणा गेला, एवढं मला जाणवत होतं.

खरा विषय रस्त्याचा आहे. आमची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आवळते. तिच्यावर टाकलेला रस्ता तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होतो. नाल्यावरचा पूल मात्र हलत नाही, त्याचा पाया खोल असतो. म्हणून प्रत्येक लहान पुलाच्या दोन्ही तोंडांशी रस्ता खचतो आणि चार बोटांची पायरी तयार होते. नवा डांबरी थर टाकला तरी दोन पावसाळ्यांत ती परत येते. माझ्या सात किलोमीटरमध्ये असे पाच पूल आहेत. त्याशिवाय शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेचे रूळ ओलांडायचे. ती रेल्वे बंद पडून वर्षं झाली तरी तिचं ठिकाण चाकांना अजून माहीत आहे. सतरा बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले होते, "गाडी चांगली हाय रे, पण रस्त्याचा गोटा न गोटा सांगते." मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. हादरे सोसायची माझी तयारी होती, आणि खरं सांगायचं तर हादऱ्यांमुळे मी सतरा सोडलंही नसतं.

सोडलं ते हवेमुळे. कापसाचा हंगाम होता, दिवस मावळला होता. समोर कापसाने भरलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही. तिला चुकवताना मागचं डावं चाक तिसऱ्या पुलाच्या पायरीवर आदळलं. उतरून टॉर्च मारून पाहिलं. टायरला चीर नाही, फोड नाही, बाहेरून रिमवर ओरखडासुद्धा नाही. हायसं वाटलं. दोन दिवसांनी सकाळी ते चाक बसलेलं दिसलं. गेजवर ३३ पीएसआयच्या जागी २४. काटा लागला असेल म्हणून पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी टायर टाकीत बुडवला, तर तळव्यातून एक बुडबुडा नाही. मग चाक उलटं केलं, आतल्या कडेवर साबणाचं पाणी फिरवलं आणि तिथे बारीक फेस उठायला लागला. काका म्हणाले, "भाऊ, टायरले काईच नाई झालं. रिम वाकलं आतून. हवा तितून जाऊन रायली."

वाक इतका थोडा होता की डोळ्यांनी दिसेना. पण टायरची कड आणि रिम यांच्यात हवेला तेवढी फट पुरते. आमच्याकडे रिम सरळ करायचं मशीन नाही, त्यासाठी अमरावती किंवा नागपूर गाठायचं. एकदा सरळ करून आणलं. दोन-अडीच महिने बरं चाललं, मग पुन्हा तेच, आणि तोवर पुढचं उजवंही तसंच झालं होतं. डिकीत बारा व्होल्टचा पंप कायमचा मुक्कामाला आला. दर दोन दिवसांनी सकाळी उठायचं, गेज लावायचं, पंप चालू करायचा, पाच मिनिटं थांबायचं. त्यात त्रास असा किती, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं. पण गाडीत बसण्याआधी रोज चाकांकडे संशयाने बघायची सवय लागली. समृद्धीवर १०० च्या पुढे गेलं की लक्ष रस्त्यावर कमी आणि मागच्या डाव्या चाकावर जास्त. ज्या बदलासाठी पैसे घातले तो चालवायच्या आनंदासाठी होता, आणि तोच आनंद त्या बदलाने काढून घेतला.

एका पहाटे आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं. साडेचारला अंधारात मी पंप लावून बसलो होतो आणि ती शाल घेऊन ओट्यावर उभी होती. तिने विचारलं, "रोजच भरा लागते का रे?" तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही. त्याच आठवड्यात गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेली मूळ चाकं मी खाली काढली.

आता सोळाबद्दल. मूळ रिमवर मी मिशेलिन प्रायमसी ४ एसटी चढवले, मूळ मापाचेच. आधीच्या टायरपेक्षा ओल्या रस्त्यावर पकड चांगली आणि आवाज कमी, हे पहिल्या दिवसापासून जाणवलं. सतराचा तो लगेच वळणारा नाकाचा स्वभाव मात्र गेला, तो कुठल्याही टायरने परत येत नाही. हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे पूर्ण भारासाठी सांगितलेली ठेवली तर थोडा ताठपणा येतो, पण थोडाच. चिखलदऱ्याच्या वळणांवर मला सतराची अजून आठवण येते. बाकी सगळीकडे येत नाही. पुलाच्या पायरीवर पूर्वी जो ठक्क आवाज व्हायचा, तो आता धप्प असा मऊ येतो, आणि त्या १६ मिलिमीटरची किंमत काय ते तिथे कळतं. वर्ष झालं, चारही चाकांची हवा पंधरा दिवसांनी एकदा बघतो आणि ती होती तिथेच असते. टायरचंही सोपं. २०५/५५ आर१६ मला दारव्ह्यात नाही तर यवतमाळला त्याच दिवशी मिळतो. २१५/४५ आर१७ साठी मी एकदा आठवडाभर थांबलो होतो.

तरीही तुमचं घर पक्क्या रस्त्यावर असेल, नागपूर-अमरावती हाच मुख्य फेरा असेल, तर सतराचा विचार जरूर करा. फक्त माझ्यासारखं २१५/४५ घेऊ नका. २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४ येतो, मूळ चाकाच्या अगदी जवळ, आणि भिंत १०१ मिलिमीटरची. पूर्ण भार भरून, स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन टायर आत कुठे घासत नाही ना हे दुकानातच बघून घ्या. टायरवरचा भारांक ९१ पेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका चाकावर ६१५ किलो. स्वस्तातले ओतीव अलॉय टाळून फ्लो-फॉर्म्ड पद्धतीचे, म्हणजे ओतल्यावर रिमचा भाग फिरवत दाबून घट्ट केलेले घ्या, त्यांची कड जास्त सोसते असं मला सांगितलं गेलं आणि दोन ओळखीच्यांच्या गाड्यांवर ते पटलंही. केलेला बदल विमा कंपनीला कळवा. आणि पाचवं चाक काय मापाचं आहे हे वाटेत नाही, घरीच बघा.

टायर सोळाचे घ्या की सतराचे, भिंतीवरचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. तालुक्याच्या दुकानात कमी खपाचं माप पडून राहतं, आणि १७ इंची टायरच्या बाबतीत मला हा अनुभव आला आहे.

माझे १७ इंची अलॉय सध्या मूळ चाकांच्या जागी माळ्यावर आहेत. नागपूरच्या एका ओळखीच्या मुलाला ते हवे आहेत, त्याची गाडी शहराबाहेर फारशी जात नाही. मी हो म्हटलं आहे. पुढच्या फेरीत नेऊन देईन, आणि देताना मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या रिमच्या आतल्या कडेवर साबणाचं पाणी त्याच्यासमोर फिरवून दाखवीन.